संकटात नागरिक, एरवी अर्जदार!

जानेवारी २०२६ मध्ये महाराष्ट्रातील २९ महानगरपालिकांच्या निवडणुका एकदाच्या पार पडल्या. ‘एकदाच्या’ हा शब्द हेतुतः वापरला आहे. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्येच संपली होती. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झालीच पाहिजे, असा राज्यघटनेच्या कलम २४३ यू चा स्वच्छ आदेश आहे. तरीही इतर मागासवर्गीयांचे आरक्षण, प्रभागरचना आणि त्यावरील न्यायालयीन वाद यांच्या नावाखाली जवळजवळ चार वर्षे या शहरांचा कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कान टोचावे लागले. या काळात राज्यात सरकारे बदलली, आघाड्या बदलल्या. दिरंगाईचे पाप कोणा एकाच्या पदरात टाकून इतरांना हात झटकता येणार नाहीत, हे आपल्या विचारांच्या सरकारबद्दल आस्था बाळगणाऱ्यांनीही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

परंतु या चार वर्षांत दिरंगाईपेक्षाही अधिक चिंताजनक गोष्ट घडली. ती म्हणजे, कोणालाच काही वाटले नाही! विधानसभा चार वर्षे रिकामी राहिली असती तर वृत्तपत्रांनी रकानेच्या रकाने भरले असते. नगरसेवक नाहीत म्हणून मात्र एका गल्लीतून मोर्चा निघाल्याचे स्मरत नाही. उलट सुशिक्षित मध्यमवर्गीयांच्या दिवाणखान्यात ‘बरे झाले, तेवढीच कटकट कमी’ असाच सूर होता. ज्याच्या असण्याचा कधी अनुभव आला नाही, त्याच्या नसण्याची उणीव कशी भासावी? आपल्या शहरांमधून स्वराज्य कधी निघून गेले, किंबहुना ते कधी आलेच होते की नाही, हा प्रश्न या निमित्ताने विचारण्याची वेळ आली आहे.

तीन साथी, तीन धडे

शहराचे प्रशासन आणि वस्तीतील रहिवासी यांचे नाते कसे असावे आणि कसे नसावे, हे समजून घेण्यासाठी परदेशी विद्यापीठांचे अहवाल चाळण्याची आवश्यकता नाही. आपल्याच देशातील तीन साथींचा इतिहास पुरेसा आहे.

पहिली साथ पुण्याची, १८९७ सालची. ब्रिटिश सरकारने त्या वर्षी ४ फेब्रुवारीला साथरोग कायदा केला आणि पुण्यात प्लेग कमिटीच्या प्रमुखपदी रँडला आणून बसवले. गोरे सोजीर पेठापेठांतून घरात घुसले, देवघरे बाटवली गेली, स्त्रियांची अप्रतिष्ठा झाली, सामान रस्त्यावर फेकून जाळण्यात आले. घराघरांची तपासणी नको, रोग्यांना वेगळे ठेवू नका, असे लोकमान्य टिळकांचे म्हणणे मुळीच नव्हते. उपाय आवश्यक आहेत, हे त्यांना मान्य होते. त्यांचा आक्षेप होता तो उपाय करण्याच्या उद्दाम रीतीला आणि त्यात समाजाला मुळीच स्थान नसण्याला. इतर पुढारी शहर सोडून जात असताना टिळक पुण्यात राहिले, हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभे करण्यात त्यांनी पुढाकार घेतला. पुढे २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी काय केले, हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको. तिघे भाऊ फासावर गेले, टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. रँडच्या कमिटीकडे सैन्य होते, कायदा होता, पैसा होता. नव्हता तो एकाही पेठेचा विश्वास.

दुसरी साथ सुरतेची, सप्टेंबर १९९४ मधील. तापीच्या पुरानंतर शहरात चिखल, मेलेली जनावरे आणि तुंबलेली गटारे होती. न्यूमोनिक प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून पळाली. पळणाऱ्यांत खाजगी डॉक्टरही होते! हिरे आणि कापड यांवर श्रीमंत झालेल्या त्या शहराची जगभर नाचक्की झाली. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे स्वतःच्या टेबलावरचे अधिकार वाटून टाकले. शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार दिले. अधिकाऱ्यांनी सकाळी कार्यालयात न बसता रस्त्यावर, गल्लीत, झोपडपट्टीत असायचे आणि दुपारी एकत्र बसून काय पाहिले ते सांगायचे, असा दंडक घातला. झोपडपट्ट्यांत फरसबंदी आणि गटारे केली. अतिक्रमणे काढताना हातगाडीवाल्यापासून प्रारंभ न करता बड्यांच्या बांधकामांनाही हात घातला. सामान्य माणसाचा विश्वास बसला तो यामुळे. दोनच वर्षांत ‘इन्टॅक’ने सुरतेला चंदीगढच्या खालोखाल देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरवले. ज्या शहरातून माणसे पळत होती, त्या शहराचे नाव माणसे अभिमानाने सांगू लागली.

तिसरी साथ आपल्या आठवणीतली. १ एप्रिल २०२० रोजी धारावीत कोरोनाचा पहिला रुग्ण सापडला तेव्हा अनेकांनी धारावीवर फुली मारली होती. अडीच चौरस किलोमीटरच्याही आत आठ-दहा लाख माणसे, दहा बाय दहाच्या खोल्या, सामाईक शौचालये. तेथे ‘अंतर राखा’ ही सूचनाच हास्यास्पद होती. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने काय केले? रुग्ण येण्याची वाट न पाहता पथके दारोदार पाठवली, दवाखाने बंद करून बसलेल्या स्थानिक खाजगी डॉक्टरांना विश्वासात घेऊन कामाला लावले, सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली, शाळा आणि क्रीडासंकुल ताब्यात घेऊन विलगीकरणाची सोय केली. या कामात संघाचे स्वयंसेवक होते, तसेच भारतीय जैन संघटनेचे कार्यकर्ते होते, मशिदींच्या आणि मंदिरांच्या समित्या होत्या, तमिळ आणि कोकणी मंडळे होती. पुढे श्रेय कोणाचे यावर राजकीय पक्षांत जो वितंडवाद झाला तो मात्र सर्वस्वी अनावश्यक होता. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला, तेव्हा तो कोणा पक्षाचा नव्हता. महापालिकेचा अधिकारी आणि वस्तीतला माणूस एका टेबलाशी बसले, याचा तो उल्लेख होता.

आता प्रश्न असा की, जे साथीत साधते ते एरवी का साधत नाही? ज्या विभाग कार्यालयाने २०२० मध्ये वस्तीतल्या डॉक्टरला, मंडळाच्या कार्यकर्त्याला, बचत गटातल्या भगिनीला सन्मानाने बोलावून घेतले, त्याच कार्यालयाच्या दारात २०२२ मध्ये तीच माणसे तुंबलेल्या गटाराचा अर्ज घेऊन उभी होती आणि शिपाई सांगत होता, ‘साहेब साइटवर गेलेत.’ संकटात नागरिक, एरवी अर्जदार! या एका वाक्यात आपल्या महानगरांची राज्यपद्धती सामावलेली आहे.

गोऱ्यांची खुर्ची, काळा साहेब

या रोगाचे मूळ जुने आहे. मुंबई महापालिकेचा कायदा १८८८ चा. लॉर्ड रिपनने १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला म्हणून त्याचे गोडवे आपल्याला शाळेत शिकवले गेले. परंतु स्वराज्याचे हे दान देताना इंग्रजांनी तिजोरीची किल्ली स्वतःजवळच ठेवली होती. ठराव करायचे लोकप्रतिनिधींनी आणि अंमल करायचा तो वरून नेमलेल्या आयुक्ताने! नेटिवांना वादविवादाचा सराव व्हावा, पण कारभार साहेबाच्या हाती राहावा, अशी ती रचना. इंग्रज गेला. खुर्ची राहिली. आज आयुक्त आपले आहेत, बहुधा कर्तबगारही असतात. पण ते उत्तरदायी आहेत मंत्रालयाला. ज्या पेठेत पाणी येत नाही त्या पेठेला नव्हे. महापौराचा मान मोठा, मोटार मोठी, अधिकार मात्र सभा चालवण्यापुरते.

भारतीय समाजाला स्थानिक कारभार कळत नव्हता आणि तो इंग्रजांनी शिकवला, हे मेकॉलेच्या मानसपुत्रांचे आवडते मत आहे. त्यांनी एकदा तामिळनाडूतील उत्तरमेरूर येथील शिलालेख पाहावा. पहिला परांतक चोळ याच्या काळातील, म्हणजे दहाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशातील हा लेख आहे. गावाचे तीस कुडुंबू, आजच्या भाषेत तीस वॉर्ड. प्रत्येकातील पात्र व्यक्तींची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून घटात टाकायची आणि लहान मुलाच्या हातून चिठ्ठी काढायची. निवडलेल्यांच्या समित्या तळी पाहात, बागा पाहात, वर्षभराचा कारभार पाहात. वय किमान पस्तीस, कमाल सत्तर. गेल्या तीन वर्षांत समितीवर असलेल्याला पुन्हा संधी नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ज्याने समितीवर असताना हिशोब दिला नाही तो आणि त्याचे नातलग कायमचे अपात्र! हा एकच नियम आज लागू केला तर आपल्या किती महापालिकांची सभागृहे गणपूर्तीअभावी तहकूब होतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

अर्थात येथे भाबडेपणा नको. उत्तरमेरूर हे ब्राह्मणांचे गाव होते. सभेत बसायला स्वतःची जमीन आणि वेदाध्ययन लागे. त्या गावाचे शेत कसणाऱ्याला आणि रस्ता झाडणाऱ्याला त्या घटात चिठ्ठी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत खेड्यावर जे कठोर प्रहार केले, ते याच अनुभवातून. स्थानिक सत्ता ही स्थानिक बलदंडांची सत्ता होऊ शकते, हा त्यांचा इशारा शहरातही तितकाच खरा आहे. सोसायटीच्या फाटकाआतील माणसांनी एकत्र येऊन फाटकाबाहेरची वस्ती हटवण्याचा ठराव करायचा आणि त्याला ‘लोकसहभाग’ म्हणायचे, हे आम्हांला मान्य नाही. समरसतेविना परिसर सुधारत नाही. फार तर तो रंगवला जातो.

जोशी लेनचे काय झाले?

मुंबईत असा प्रयोग झालाच नाही असे नव्हे. १९९६-९७ च्या सुमारास घाटकोपर पूर्वेच्या जोशी लेनमधील रहिवाशांनी आपल्या गल्लीचा कचरा आपणच ओला-सुका वेगळा करायचा, ओल्याचे खत करायचे आणि गल्लीची देखभाल करायची असे ठरवले. महापालिकेने त्यापासून स्फूर्ती घेऊन ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’ ही योजना आणली. लोकांच्या तोंडी ती ‘एएलएम’ झाली. रहिवाशांची गल्लीपातळीवरची समिती आणि तिच्याशी बोलायला विभाग कार्यालयातला एक नेमलेला अधिकारी, अशी साधी मांडणी. अल्पावधीत शहरभर अशा शेकडो समित्या झाल्या. निवृत्त बँक कर्मचारी, शिक्षिका, गृहिणी, असे लोक सकाळी हातात वही घेऊन कचऱ्याच्या गाडीची वेळ टिपू लागले. हे दृश्य सामान्य नव्हे. ज्या मध्यमवर्गाला आपण सदैव दोष देतो, तो रस्त्यावर उतरला होता.

मग काय झाले? काही समित्या आजही नेटाने काम करत आहेत, त्यांना वंदन. अनेक समित्या मात्र कागदावर उरल्या. त्याची कारणे स्पष्ट आहेत. या समित्यांना कायद्याचा आधार नव्हता. अधिकारी चांगला असेल तर बैठक होई, त्याची बदली झाली की वही बंद. नगरसेवकांना त्या आपल्या प्रतिस्पर्धी वाटल्या आणि काही ठिकाणी त्या तशा होत्याही. २००७ च्या निवडणुकीत जुहूमधून नागरिकांच्या गटाचा उमेदवार निवडून आला, तेव्हा सर्वच पक्षांच्या कपाळावर आठी पडली होती. तिसरे कारण अधिक गंभीर आहे. या समित्या होत्या इमारतींच्या. झोपडपट्ट्यांसाठी ‘दत्तक वस्ती योजना’ वेगळी. म्हणजे एकाच नाल्याच्या या काठाला सन्माननीय रहिवासी आणि त्या काठाला दत्तक घेतलेली लेकरे! आपले घर, आपली गल्ली असणाऱ्या कष्टकरी माणसाला ‘दत्तक’ म्हणण्याचे धाडस कोणत्या बुद्धिमंताच्या डोक्यातून निघाले? पुढे या योजनेचे नाव बदलले, पण नाल्याचे दोन काठ एका सतरंजीवर बसले नाहीत.

पुण्याचाही अनुभव पाहू. २००६ पासून पुणे महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचना मागवण्याची पद्धत सुरू केली. पाच लाखांपर्यंतची छोटी कामे नागरिकांनी सुचवायची आणि अंदाजपत्रकात घ्यायची. कल्पना उत्तम. पण अर्ज करणारा एकटा नागरिक. अर्जाची छाननी बंद खोलीत. कोणते काम का नाकारले, हे त्याच्या गल्लीसमोर कोणी सांगायचे नाही. दुसरीकडे नगरसेवकांची सुप्रसिद्ध ‘स’ यादी! नामफलक, बाक, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बादल्या. एकाच पदपथावर तीन तऱ्हेचे बाक आणि प्रत्येकावर एक नाव. बसायला जागा आहे, चालायला नाही.

त्याच पुण्यात एक वेगळे उदाहरणही आहे. कचरा वेचणाऱ्या भगिनींची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदारचा कचरा गोळा करते. ज्या ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायती’तून ती उभी राहिली, तिची प्रेरणा डॉ. बाबा आढावांची. विचारांनी ती मंडळी आपल्यापासून दूरची आहेत आणि ते दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. परंतु जी बाई उकिरड्यावर वाकत होती तिला ओळखपत्र, गणवेश आणि घरोघरी ‘ताई’ हे संबोधन मिळाले, हे काम चोख आहे. चांगल्याला चांगले म्हणण्यासाठी त्याची कुंडली पाहण्याची आपली परंपरा नाही.

निधीसाठी केलेला कायदा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. डिसेंबर २००५ मध्ये केंद्रातील तत्कालीन काँग्रेस आघाडी सरकारने नेहरूंच्या नावाने नागरी पुनरुत्थान अभियान आणले. त्यातील पैसे हवे असतील तर राज्यांनी लोकसहभागाचा कायदा करावा, अशी अट होती. महाराष्ट्राने २००९ मध्ये महापालिका आणि नगरपालिकांच्या कायद्यांत दुरुस्ती केली आणि ‘क्षेत्रसभा’ ही नवी संस्था निर्माण केली. लागून असलेल्या दोन ते पाच मतदान केंद्रांचे एक क्षेत्र. त्या केंद्रांच्या यादीतील प्रत्येक मतदार त्या सभेचा सभासद. अध्यक्ष त्या भागाचा नगरसेवक. पाणी, दिवे, सफाई यांतील उणिवा सांगाव्यात, कामांचा अग्रक्रम सुचवावा, योजनांचे लाभार्थी सुचवावेत, ही तिची कामे. इमारत आणि झोपडपट्टी असा भेद नाही, कारण मतदारयादीत तो नसतो. जोशी लेनला जे मिळाले नाही ते, म्हणजे कायद्याचा आधार, येथे आहे. दत्तक वस्तीला जे मिळाले नाही ते, म्हणजे बरोबरीचे स्थान, तेही आहे.

कायदा होऊन दीड दशक उलटून गेले. वाचकहो, आपण आपल्या क्षेत्रसभेला शेवटचे कधी गेला होतात? आपले क्षेत्र कोणते, हे आपल्याला ठाऊक आहे काय? आपल्या नगरसेवकाला ठाऊक आहे काय? अट पूर्ण करण्यासाठी कायदा झाला, निधी आला, उड्डाणपूल झाले आणि कायदा कपाटात गेला. पंचतारांकित हॉटेलांत ‘लोकसहभाग’ या विषयावर इंग्रजीतून परिसंवाद मात्र अखंड चालू राहिले. त्यांतील एकाही वक्त्याला आपली क्षेत्रसभा भरत नाही याची खंत वाटल्याचे ऐकिवात नाही.

आपल्या बाजूचेही हिशोब तपासले पाहिजेत. २०१५ मध्ये केंद्रात आपल्या विचारांचे सरकार असताना ‘स्मार्ट सिटी’ अभियान सुरू झाले आणि मार्च २०२५ मध्ये ते संपले. पुणे पहिल्याच वीस शहरांत होते. औंध-बाणेर-बालेवाडी भागात काही रस्ते खरोखर देखणे झाले, पादचाऱ्याला पदपथ मिळाला. ते नाकारणे कृतघ्नपणा ठरेल. परंतु कारभार सोपवला गेला कंपनी कायद्याखालील स्वतंत्र कंपनीकडे. कंपनीला संचालक असतात, भागधारक असतात. तिला शेजारी नसतात. कामे झाली, कंपनीचे काम संपले आणि पदपथाची फरशी उखडली तर विचारायचे कोणाला, हा प्रश्न पुन्हा रहिवाशाच्या कपाळी आला. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईच्या भाषणांतून एकात्म मानवदर्शन मांडले. सत्तेचे विकेंद्रीकरण हा त्या विचाराचा गाभ्यातला भाग आहे. कंपनीच्या संचालक मंडळात तो कोठे बसतो, याचे उत्तर आपल्याच लोकांनी द्यायला हवे.

चार सदस्यांच्या प्रभागांचेही तसेच. पुण्यात सरासरी ऐंशी हजारांच्या आसपास लोकसंख्येचा एक प्रभाग आणि त्याला चार नगरसेवक! गटार फुटले तर चौघांपैकी जबाबदार कोण? नारळ फोडायला चौघे, गटारापाशी कोणी नाही. मुंबईत एका प्रभागाला एक नगरसेवक ही पद्धत टिकली आहे. तेथेही २०११ च्या जनगणनेनुसार १ कोटी २४ लाख लोकसंख्येला २२७ नगरसेवक, म्हणजे एकामागे सुमारे पंचावन्न हजार माणसे. हिवरे बाजारचा शेतकरी वर्षातून अनेकदा ग्रामसभेत उभा राहून सरपंचाला पाण्याचा ताळेबंद विचारतो. दादर किंवा डेक्कन जिमखान्यावरच्या द्विपदवीधराला तो अधिकार वापरता येत नाही, आणि मागासलेले कोण म्हणायचे, तर खेडे!

लोक येतील का?

क्षेत्रसभेविरुद्ध दोन आक्षेप हमखास घेतले जातात. पहिला अधिकाऱ्यांचा: लोकांना एकत्र बसून निर्णय घेता येत नाहीत, भांडणे होतील. हे म्हणणाऱ्याने भाद्रपदात गिरगावात किंवा कसबा पेठेत एक फेरी मारावी. १८९३ पासून आपल्या वस्त्या दहा दिवस वीज, मांडव, वर्गणी, गर्दी, मिरवणूक यांचे नियोजन करत आल्या आहेत. भांडणे तेथेही होतात. मूर्तीचे विसर्जन मात्र ठरल्या दिवशी होते. (मंडळांनी वर्गणीचा हिशोब फलकावर लावण्याची प्रथा सर्वत्र पाळली तर उत्तरमेरूरच्या मंडळींचा आत्माही तृप्त होईल, पण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) ज्या समाजाला उत्सव चालवता येतो त्याला नाला साफ करून घेता येत नाही, हे म्हणणे रँडच्या कमिटीला शोभणारे आहे.

दुसरा आक्षेप आपलाच, आणि तो खरा आहे: लोक येणारच नाहीत. मतदानाच्या दिवशी जोडून सुट्टी आली की लोणावळ्याचा रस्ता धरणारा वर्ग गटाराच्या सभेला कसा येईल? येथे कार्यकर्त्याचे काम सुरू होते. संघाच्या शताब्दीनिमित्त समाजापुढे जी पंच परिवर्तने ठेवली गेली आहेत, त्यांत सामाजिक समरसता आहे, पर्यावरण आहे आणि नागरिक कर्तव्यही आहे. या विषयांवर व्याख्याने पुष्कळ झाली, पुढेही होतील. परंतु सेवावस्तीतला रहिवासी आणि मागच्या सोसायटीतला निवृत्त अभियंता एकाच सतरंजीवर बसून एकाच नालीवर बोलत आहेत, याहून समरसतेचा दुसरा वर्ग कोणता? रोज सायंकाळी मैदानावर येणाऱ्या स्वयंसेवकाला आपल्या वस्तीतील घरे ठाऊक असतात. साथीच्या काळात तो ज्या घरी शिधा घेऊन गेला त्या घरी आता सभेचे निमंत्रण घेऊन त्याने जावे. मात्र एक पथ्य पाळावे. सभा आपल्या पक्षाची करू नये. ज्या दिवशी क्षेत्रसभेत झेंडा येईल त्या दिवशी निम्मी गल्ली घरी जाईल.

नवे सभागृह आले आहे. अनेक महापालिकांत आपल्या विचारांचे नगरसेवक बहुसंख्येने आहेत. त्यांच्याकडे उद्यानाला कोणाचे नाव द्यावे, याची निवेदने रांगेने येत असतीलच. त्या रांगेत हेही निवेदन जावे. राज्य शासनाने क्षेत्रे आखण्याचे आणि सभा घेण्याचे बंधन मुदतीसह प्रत्येक आयुक्तावर घालावे. सभेचे इतिवृत्त मराठीत लिहून विभाग कार्यालयाच्या फलकावर लावले जावे. विभागातील पाणी, मलनिःसारण, रस्ते आणि घनकचरा या खात्यांचे अभियंते सभेला उपस्थित राहावेत, केवळ लिपिक पाठवून भागवू नये. सभेने ठरवलेल्या अग्रक्रमाचे काम अंदाजपत्रकात न घेतल्यास कारण लेखी द्यावे. आणि सभा सकाळी अकराला कार्यालयीन दिवशी नव्हे, तर रविवारी महापालिकेच्या शाळेत व्हावी, कारण धुणीभांडी करणारी भगिनी आणि बँकेतला अधिकारी दोघांनाही रविवारीच वेळ असतो.

पहिल्या सभेपुढे मोठे विषय ठेवण्याचे कारण नाही. पावसाळ्यात कोणत्या तीन ठिकाणी पाणी तुंबते, शौचालयाचे दार कधी बसवणार, कचऱ्याची गाडी किती वाजता येते आणि गेल्या वर्षी या दोन-तीन केंद्रांच्या हद्दीत किती रुपये खर्च झाले, एवढे पुरे. शेवटच्या प्रश्नावर शांतता पसरेल. पसरू द्यावी. पुढच्या सभेत पुन्हा तोच विचारावा.

वाट पाहण्याचेही कारण नाही. प्रत्येकाच्या मतदार ओळखचिठ्ठीवर मतदान केंद्राचा क्रमांक छापलेला असतो. आयुक्तांना लिहायचे पत्र दोन ओळींचे आहे: आमचे केंद्र अमुक क्रमांकाचे, २००९ च्या कायद्यानुसार आमची क्षेत्रसभा कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी आहे ते कळवावे. पत्राची पोच घ्यावी आणि प्रत नगरसेवकाला द्यावी.